फिक्सीच्या पायडलला पट्टे घेताना या चुका टाळा

फिक्सी म्हणजे फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) नसलेली सायकल. तिच्यावर चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, म्हणून पाय पायडलवरून निसटू नये यासाठी पट्टे लावतात. चेनच्या पुढच्या चक्राला ४८ दात आणि मागच्याला १७, ही अनेकांच्या सायकलवर दिसणारी जोडी. तिच्यावर ताशी ३० किलोमीटरला पाय मिनिटाला साधारण ८४ फेऱ्या मारतात. उतारावर वेग ४५ झाला की फेऱ्या १२६च्या आसपास जातात. त्या गतीत पाय निसटला तर पायडल तुमची वाट बघत नाही, पुढच्याच फेरीला नडगीवर येऊन आदळतं.

वेग कमी करतानाही पट्टा लागतो. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडल धरणारे दांडे, आडव्या असताना मागचा पाय खाली दाबायचा आणि पुढचा वर ओढायचा, तेव्हा कुठे चाक अडतं. या ओढण्याचा सगळा भार पुढच्या पायावरच्या पट्ट्यावर येतो. त्यामुळे हा पट्टा अर्धा ब्रेकच आहे असं समजूनच तो निवडावा, असं माझं ठाम मत आहे. तरीही बहुतेक जण तो रंग बघून, सगळ्यात आधी घेतात. खरा क्रम उलटा आहे. आधी बूट ठरवा, मग पायडल आणि शेवटी पट्टा. दुकानात पायडलवर चढवून बघायला मिळालं तर पाय किती घट्ट बसतो हे नंतर बघा. आधी तो हात न लावता, एका हिसक्यात बाहेर येतो का ते बघा.

पायडल न बघता पट्टा घेणं

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. पहिली जुनी: बोटांपुढे लोखंडाची किंवा प्लास्टिकची कमान, म्हणजे टो क्लिप, आणि तिच्यातून जाणारा बोटभर रुंदीचा चामड्याचा पट्टा. दुसरी रुंद वेल्क्रोची. हिला कमान नसते, चवड्यावरून आडवा जाड पट्टा येतो. तिसऱ्या तऱ्हेत पट्टा पायडलवर तिरका बसतो. टाच बाहेर वळवून पाय आत सरकवायचा आणि टाच सरळ केली की पट्टा आपोआप आवळतो.

जुन्या तऱ्हेला दोन बाजूंना पातळ पत्रे आणि त्यांत चिरा असलेलं पायडल लागतं. टो क्लिप बसवायला पुढच्या पत्र्यात स्क्रूची भोकंही हवीत. रुंद पट्ट्याला सपाट पायडल हवं, पण प्रत्येक सपाट पायडल चालत नाही. कित्येक बीएमएक्स (कसरतीच्या लहान सायकलींच्या) पायडलांचा सांगाडा असा असतो की रुंद पट्टा ओवायला सलग जागाच सापडत नाही. मला एका दुकानदाराने 'सगळ्याला बसतो' म्हणून असा पट्टा दिला होता. घरी तो पायडलच्या फटीत अर्धाही शिरला नाही. जोर लावून ओवला तेव्हा पायडलच्या धारेने त्याची कड पहिल्याच आठवड्यात कुरतडली. म्हणून सायकल सोबत नसेल तर निदान पायडलचा वरून आणि बाजूने काढलेला फोटो घेऊन जा. फटीची लांबीही मोजून ठेवा.

दुसरं, सपाट पायडलवर बुटाचा तळ रुतावा म्हणून खिळे असतात. रुंद पट्ट्यासोबत हे खिळे उंच असले तर पाय आत सरकत नाही आणि घाईत बाहेरही येत नाही. स्क्रूने निघणारे खिळे असतील तर मधले काढून टाका.

तिरक्या पट्ट्यात डावा-उजवा वेगळा असतो. अदलाबदल झाली तर टाच सरळ केल्यावर पट्टा आवळण्याऐवजी सैल होतो आणि माणूस समजतो की माल खराब आहे. पायडल नवं घेतलं असेल तर तेही ध्यानात ठेवा: डाव्या पायडलला उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळायचं. सरळ समजून जोर लावला तर क्रँकचे आटे जातात.

बूट विसरणं

टो क्लिपला मापं असतात, लहान, मध्यम, मोठी. कमान आखूड पडली तर बोटं पुढे दाबली जातात आणि चवडा पायडलच्या आखावर येतच नाही, मागे राहतो. मग पोटरी भरून येते. कमान जास्त लांब असली तर पाय इतका पुढे जातो की आख पायाच्या मध्याखाली येतो. रोजचा बूट घालून बसा, चवड्याचा रुंद भाग आखाच्या बरोबर वर ठेवा. अंगठ्यापुढे कमानीपर्यंत थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे.

आडवे खोल खाचे असलेला जाड तळाचा बूट टाळा. तो पायडलच्या धारेत अडकतो आणि पट्टा सैल असूनही पाय निघत नाही. ऑफिसला वेगळा बूट, पावसाळ्यात सँडल आणि रविवारी तिसराच, असं असेल तर सरळ वेल्क्रोचा पट्टा घ्या. तो रोज नव्याने लावता येतो. चामड्याचा पट्टा एका बुटाशी जमला की जमला.

लहान सांगाड्याच्या सायकलवर आणखी एक तपासणी हवी. सायकल उभी धरा, पाय पट्ट्यात घाला, क्रँक पुढे आडवी करा आणि हँडल वळवा. बोट किंवा टो क्लिप पुढच्या चाकाला लागते का? फ्रीव्हीलच्या सायकलवर वळताना पायडल मागे ठेवून निभावता येतं. फिक्सीवर तो मार्ग बंद असतो. लागत असेल तर लोखंडी कमान सोडा, बिनकमानीचा पट्टा घ्या.

शर्यतीसारखं आवळणं

जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे कीरिन, म्हणजे ट्रॅकवरची सायकल शर्यत, सुरू झालं आणि तिथले खेळाडू आजही चामड्याचे पट्टे आणि टो क्लिप वापरतात. त्यांच्या सायकलचे सुटे भाग एनजेएसच्या, म्हणजे कीरिनसाठीच्या मान्यतेच्या, शिक्क्याचे असावे लागतात. तसे शिक्का असलेले पट्टे इथल्या शौकिनांनाही हवेहवेसे वाटतात. ते असतातही उत्तम. पण त्या खेळाडूच्या बुटाखाली खाचेची पट्टी असते, ती पायडलच्या पत्र्यावर बसते आणि वरून पट्टा करकचून ओढला जातो. सुरुवातीला सायकल यंत्राने धरलेली असते आणि पुढे वाटेत चौक नाही, कुत्रं नाही, रिक्षा नाही.

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला मी असाच आवळून आलो होतो. पुढची बस थांबली, मी थांबलो, डावा पाय निघाला नाही आणि मी सायकलसकट डाव्या बाजूला पडलो. कोपर महिनाभर दुखत होतं. मागून गाडी आली नाही एवढंच. तेव्हापासून शहरात माझा डावा पट्टा उजव्यापेक्षा थोडा सैल असतो, कारण आपल्याकडे टेकायचा पाय रस्त्याच्या कडेचा, म्हणजे डावा. कुठला पाय टेकणार हे कायमचं ठरवून टाका.

शिकताना भिंतीला हात लावून शंभर वेळा पाय आत-बाहेर करा. बकलचा रूळ अंगठ्याने बाहेर ढकलला की चामड्याचा पट्टा सुटतो. ही हालचाल न बघता जमली पाहिजे.

पीळ न देणं

चामड्याच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्याला पायडलच्या दोन पत्र्यांच्या मध्ये एक पूर्ण पीळ द्यायचा असतो. पीळ नसला तर प्रत्येक ओढीबरोबर पट्टा थोडाथोडा सरकतो. काही दिवसांनी बकल पायडलखाली जाऊन लोंबू लागतं. पीळ दिला की पट्टा पत्र्यांमध्ये अडतो. बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या किंचित वर ठेवा. आतल्या बाजूला ठेवलं तर ते क्रँकला घासतं.

पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबू देऊ नका, बुटाची नाडीसुद्धा नाही. चेन आणि चक्राच्या मध्ये नाडी गेली तर फिक्सीवर ती गुंडाळतच जाते, थांबायला फुरसत मिळत नाही. नाडी बुटात खोचा.

चामडं, पाऊस आणि धार

नुसतं चामडं भिजलं की ताणतं, वाळलं की कडक होतं. म्हणून चांगल्या पट्ट्यात चामड्याच्या दोन थरांमध्ये नायलॉनचा थर असतो. पट्ट्याची कड बघा, तो थर दिसतो. कोकणात किंवा मुंबईत रोज चालवणार असाल तर जून ते सप्टेंबर चामडं बाजूला ठेवून नायलॉन लावा. भिजलेलं चामडं उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नका, सावलीत वाळवा. तेल चोपडून मऊ करण्याचा मोह आवरा, मऊ झालेला पट्टा बकलमधून घसरतो.

वेल्क्रोचं दुखणं वेगळं. त्यात चिखल आणि धागे भरले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने आकड्यांची बाजू घासून काढा. तरी सुटत असेल तर त्याचं आयुष्य संपलंय.

तक्रार काय, कारण काय

बोटं बधिर होत असतील तर पट्टा सैल करा. त्याने थांबलं नाही तर कमान आखूड आहे. करकर आवाज येतो तो बहुधा पायडलचा नसून चामडं पत्र्यावर घासण्याचा असतो. त्या जागी थोडं मेण लावून बघा. एकाच ठिकाणी धागे उसवलेले दिसले तर पायडलची धार कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर नवा पट्टाही तिथेच कापला जाईल. एक पट्टा गेला तर दोन्ही बदला. दुसऱ्यानेही तेवढीच वर्षं भार सोसलेला असतो.

पाय पट्ट्याबाहेर असेल तर टो क्लिप उलटी होऊन खाली लोंबते. वळणावर किंवा गतिरोधकावर ती जमिनीला घासते. सिग्नलहून निघताना पायाच्या बोटाने पायडल पलटून लगेच पाय आत घाला, अर्धा रस्ता तसं जाऊ नका.

पट्टे चांगले मिळाले म्हणून पुढचा ब्रेक काढणारे मी पाहिले आहेत. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या फिक्सीलाही पुढचा ब्रेक कायद्याने लागतो आणि तो का ठेवावा याचं कारण साधं आहे. पट्टा नेमका तेव्हाच तुटतो जेव्हा त्याच्यावर सगळ्यात जास्त जोर असतो, म्हणजे तुम्ही थांबायचा प्रयत्न करत असता तेव्हा. तसं झालं तर फिरतं पायडल पकडायला जाऊ नका. दोन्ही पाय बाजूला उचला, पुढचा ब्रेक हळूहळू दाबा आणि सायकल चालण्याच्या वेगाला आली की मगच पाय परत ठेवा.