कर्नल ड्रायव्हरमधील मेमरी-दोष हाताळताना या चुका टाळा

अँड्रॉइडवरील प्रोसेसमधील देवाणघेवाण लिनक्स कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) ‘बाइंडर’ हा ड्रायव्हर सांभाळतो आणि क्रोमच्या सँडबॉक्समध्ये कोंडलेला कोडसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. या ड्रायव्हरमधील ‘यूज-आफ्टर-फ्री’ दोष, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाणे, सिझकॉलर या फझरला (विचित्र इनपुट देऊन दोष शोधणाऱ्या साधनाला) नोव्हेंबर २०१७ मध्ये सापडला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याची दुरुस्तीही झाली. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातील मॅडी स्टोन यांनी तोच दोष पिक्सेल २ या फोनवर जिवंत असल्याचे कळवले, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे संकेतही मिळाले होते.

सर्वांत महागात पडणारी चूक इथे दिसते. पहिली दुरुस्ती साध्या बगची म्हणून झाली; तिला सीव्हीई (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक नोंदीचा) क्रमांक नव्हता आणि ती अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा-पत्रकातही आली नाही. अँड्रॉइडच्या सामाईक कर्नलमध्ये ती पोहोचली, पण उपकरणांच्या स्वतंत्र शाखा सांभाळणाऱ्यांनी ती उचलावी असे कारणच त्यांच्यासमोर नव्हते. सीव्हीई-२०१९-२२१५ हा क्रमांक २०१९ मध्ये मिळाला. म्हणून फझरने दाखवलेला मेमरी-दोष ‘फक्त क्रॅश’ ठरवण्यापूर्वी, साधा वापरकर्ता त्या कोडपर्यंत पोहोचतो का, एवढे तरी तपासावे.

दुसरी चूक कॅसॅन या, कर्नलमधील मेमरी-चुका पकडणाऱ्या साधनाचा अहवाल अर्धवट वाचण्याची आहे. त्यात तीन स्टॅक (फंक्शन-कॉलच्या याद्या) असतात: मेमरी चुकीने कुठे वापरली, कुठे घेतली आणि कुठे मोकळी केली. बाइंडरच्या प्रकरणात पहिल्या स्टॅकवर वेट-क्यू (वाट पाहणाऱ्यांची यादी) आणि ईपोल (अनेक फाइलींवरील घडामोडींवर नजर ठेवणारी यंत्रणा) यांची फंक्शने दिसतात, त्यामुळे घाईत वाचणारा माणूस ईपोललाच दोषी ठरवेल. खरे उत्तर तिसऱ्या स्टॅकमध्ये आहे: थ्रेड बंद करण्याच्या आयओसीटीएलमुळे (ड्रायव्हरला दिलेल्या आज्ञेमुळे) बाइंडरने आपली थ्रेड-रचना मोकळी केली, पण त्याच रचनेत बसलेल्या वेट-क्यूचा पत्ता ईपोलने धरूनच ठेवला होता. कॅसॅन नसलेल्या कर्नलवर हाच प्रकार बहुधा आवाज न करता घडतो, कारण यादीतून नोंद काढताना मोकळ्या जागेत दोन पॉइंटर (मेमरीचे पत्ते) लिहिले जातात आणि क्रॅश होईलच असे नसते. ‘आमच्याकडे क्रॅश होत नाही’ या उत्तराला म्हणूनच काही किंमत नाही.

मोकळे केल्यावर पॉइंटर नल (रिकामा) करून टाकणे ही आवडती मलमपट्टी असते. आपल्या हातातला पॉइंटर नल झाला, तरी दुसऱ्याने जपलेला पत्ता तसाच राहतो. बाइंडरच्या दुरुस्तीत रचना मोकळी करण्यापूर्वी ईपोलला ‘पोलफ्री’ची (वेट-क्यू आता जाणार, अशी) सूचना दिली गेली, आणि त्या वेळी आरसीयूखाली (कुलूप न लावता वाचू देणाऱ्या कर्नल-पद्धतीखाली) वाचन करत असलेला कोड बाहेर पडेपर्यंत थांबण्याची तरतूद लगोलग दुसऱ्या पॅचने जोडावी लागली. मालकी कोणाची आणि शेवटचा संदर्भ कोण सोडतो, हे कागदावर मांडल्याशिवाय पॅच लिहायला बसू नये.

पॅच येईपर्यंत ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलमध्ये वेगळा लोड होणारा भाग) ब्लॅकलिस्ट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण ब्लॅकलिस्टमुळे केवळ आपोआप होणारे लोडिंग थांबते, नाव घेऊन केलेला मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करण्याची आज्ञा) नव्हे, आणि ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल तर काहीच थांबत नाही. हे आधी कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये पाहावे.

शेवटी पडताळणी. आवृत्ती-क्रमांकावर विसंबू नये, कारण वितरक पॅच जुन्या क्रमांकाच्या कर्नलवर उतरवतात आणि कधी उतरवायचे विसरतातही. सोर्समध्ये ती ओळ खरोखर आहे का, ते शोधावे. पॅकेज अद्ययावत झाले, पण लाइव्ह पॅच (रीबूटशिवाय लागणारी दुरुस्ती) नसलेला सर्व्हर रीबूटच केला नाही, तर ‘यूनेम -आर’ ही आज्ञा जुनाच कर्नल दाखवतो आणि दोषही तिथेच असतो. त्यानंतर त्याच शाखेचे कॅसॅनसह बिल्ड करून, मूळ रिप्रोड्यूसर (दोष पुन्हा घडवून दाखवणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवावा.