मंद दीर्घिका आणि तेजोमेघ कसे पाहावेत

दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस ‘दिसली, गेली, पुन्हा दिसली’ असे पुटपुटत नळीला हलक्या टिचक्या मारू लागला, तर सोबतच्यांनी घाबरू नये. मंद दीर्घिका पाहण्याची ती योग्यच रीत आहे, कारण स्थिर असताना न जाणवणारा फिकट डाग किंचित हलला की डोळ्याला चटकन जाणवतो.

यादीतील प्रतीवर (तेजस्वितेच्या आकड्यावर; तो जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) विसंबून लक्ष्य निवडू नये. एम ३३ या दीर्घिकेची प्रत सुमारे ५.७ असली तरी तिचा प्रकाश पूर्णचंद्राच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक लांबीवर पसरलेला असल्याने ती त्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा कितीतरी अवघड ठरते.

अंधारात किमान अर्धा तास डोळे सरावू द्यावेत, मोबाइल खिशातच ठेवावा आणि नकाशासाठी मंद लाल दिवा वापरावा. त्यानंतर खरे कौशल्य लागते ते तिरप्या नजरेचे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी नसतात, त्यामुळे लक्ष्याकडे थेट पाहिले की ते नाहीसे होते. उजव्या डोळ्याने पाहताना नजर लक्ष्याच्या थोडी उजवीकडे आणि डाव्या डोळ्याने पाहताना थोडी डावीकडे ठेवावी, म्हणजे प्रतिमा अंधबिंदूवर, म्हणजे दृष्टिपटलावरील काहीच न दिसणाऱ्या जागेवर, पडत नाही. श्वास रोखू नये; ऑक्सिजन कमी पडला की मंद प्रकाशातील दृष्टी आधी क्षीण होते.

ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरचा उपयोग वायुमय तेजोमेघांसाठी करावा, दीर्घिकांसाठी नव्हे. हंस तारकासमूहातील व्हेल (Veil, म्हणजे बुरखा) तेजोमेघ ऑक्सिजन-३ फिल्टरने खुलतो, तर मृगातील हॉर्सहेड या घोड्याच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या मेघाला हायड्रोजन-बीटा फिल्टर लागतो. हॉर्सहेड १८८८ मध्ये घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांनी प्रथम टिपला होता, त्यामुळे तो डोळ्यांना सहज गवसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम प्रामाणिकपणाचा आहे. लक्ष्याचे छायाचित्र आधी पाहिले की मेंदू तोच आकार अंधारात रंगवू लागतो, म्हणून प्रथम दिसेल तेवढेच कागदावर रेखाटावे आणि छायाचित्राशी ताडून नंतर पाहावे. सोबत कोणी असल्यास डाग कोणत्या बाजूला आहे हे त्यांना न सांगता त्यांनाच विचारावे. दोघांची दिशा जुळली आणि तो डाग त्याच ताऱ्यांजवळ पुन्हा पुन्हा जाणवला, तरच नोंदवहीत ‘दिसली’ असे लिहावे. अन्यथा ‘शंकास्पद’ ही नोंदही तितकीच मोलाची असते.