भाड्याची खोली, आडनाव आणि अनुदानाचा प्रस्ताव: या चुका टाळा

कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत धुळ्याच्या देवपुरात फिरलं की ‘खोली भाड्याने देणे आहे’च्या पाट्या दिसतात. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याची आदिवासी पोरं पिशव्या घेऊन दारात उभी राहतात. पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच, आडनावाचा असतो. पावरा किंवा वळवी ऐकलं की घरमालक म्हणतो, “खोली त शे, पन फॅमिलीलेच देवानी शे.” राहण्या-जेवणासाठीच्या सरकारी स्वयम् योजनेचे पैसे मंजूर असूनही पोरगं मित्राच्या खोलीत पाचवा म्हणून झोपतं.

अशा प्रकरणांत धावणाऱ्या लहान संस्थांचे अनुदानाचे प्रस्ताव मी तपासून देतो. त्यांचं काम खरं असतं, पण प्रस्ताव कागदावर मार खातो.

नसलेली योजना शोधत बसणं

अमेरिकेत 1968 चा फेअर हाऊसिंग कायदा आहे आणि घरभाड्यातला भेदभाव उघड करणाऱ्या संस्थांना तिथलं गृहनिर्माण खातं फेअर हाऊसिंग इनिशिएटिव्ह्ज प्रोग्राममधून थेट पैसे देत आलंय. इंटरनेटवर हे वाचून लोक विचारतात, “आपल्याकडे फॉर्म कुठे मिळेल?” आपल्याकडे त्या नावाची योजना नाही. मग आहे त्या दारातून शिरायचं. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांतला नियम 3 काढा. जनजागृती केंद्रं आणि कार्यशाळांसाठी स्वयंसेवी संस्थांना राज्य सरकारने आर्थिक मदत द्यावी, असं त्यात आहे. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांपुढे बसताना त्याची प्रत फाइलीत वरच ठेवा. काम तृतीयपंथीयांसोबत असेल, तर केंद्राच्या ‘स्माईल’ योजनेतली गरिमा गृहं, म्हणजे त्यांच्यासाठीची निवारागृहं, संस्थांमार्फतच चालतात.

कलम 15 चा उतारा

दहातल्या आठ प्रस्तावांची सुरुवात राज्यघटनेच्या भेदभावाला मनाई करणाऱ्या याच कलमाने होते. पण 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत, खासगी घरमालकाची खोली नाही. छाननी करणाऱ्याने तेवढंच बोट ठेवलं की आपण गप्प. त्यापेक्षा नेमका कायदा लिहा. तृतीयपंथीयांसाठीचा 2019 चा आणि एचआयव्हीबाबतचा 2017 चा, या दोन्ही कायद्यांत मालमत्ता भाड्याने घेण्यातला भेदभाव स्पष्ट शब्दांत मना आहे. जात पंचायतीने किंवा समाजाने बहिष्कार टाकला असेल, तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा.

घटना न लिहिणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. “परिसरात मोठ्या प्रमाणावर भेदभाव आढळतो” या वाक्यावर कोणी पैसा देत नाही. द्यावा तरी का?

आम्ही एकदा दोन पोरं पाठवली. दोघांचा कोर्स एकच, भाडं देण्याची ऐपत तीच, कपडेही सारखेच. फरक फक्त आडनावाचा. पावरा आडनावाच्या पोराला सकाळी साडेदहाला सांगितलं, “कालच गेली खोली.” अकराला दुसरा गेला, तर त्याला तीच खोली उघडून दाखवली, नळाला पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. दोघांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापला कागद लिहिला: तारीख, वेळ, घरमालकाचे शब्द जसेच्या तसे, पाटीचा फोटो. अमेरिकेतल्या संस्था हीच रीत वापरतात, तिला टेस्टिंग म्हणतात.

साधी शंभर पानी वही पुरते. फक्त रकाने आधी आखा, आणि पोरांची नावं प्रस्तावात घालू नका, अनुक्रमांक घाला. उद्या त्यांना त्याच गल्लीत खोली शोधायचीय.

मेलेला अध्यक्ष

हसू नका, आमचंच झालं. अध्यक्षकाका वारले, नवे निवडले, ठराव झाला, पेढे वाटले. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा राहिला. त्याला मुदत असते 90 दिवसांची. वर्षभराने प्रस्ताव त्रुटी लागून परत आला: संस्थांची नोंद असलेल्या सरकारी दर्पण पोर्टलवर काका अजून अध्यक्ष, अर्जावर सही दुसऱ्याची. आता आम्ही अर्जाआधी संस्थेची घटना, परिशिष्ट एक (धर्मादाय कार्यालयातला नोंदीचा उतारा), दर्पणचा युनिक आयडी, पॅन आणि बँकेचं खातं एका ओळीत ठेवून नावाची अक्षरंसुद्धा ताडतो. ‘बहुउद्देशीय’ एका कागदावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ असला, तरी पत्रव्यवहारात महिना जातो.

पैसे आल्यावर

केंद्राच्या अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज आपलं नसतं, ते परत भरावं लागतं. खर्च मंजूर शीर्षातच करायचा. कार्यशाळेच्या पैशातून वकिलाची फी दिली, तर हेतू चांगला असूनही ती वसुलीत निघते. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, नमुना 12-अ मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत. ते थकलं की पुढचा हप्ता विसरा.

आणि वकिलासाठी अनुदानाची वाट बघू नका. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना 1987 च्या कायद्यानुसार उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, त्या पोराला वहीसकट तिथे घेऊन जा.