तानपुरा कुठे गेला? ऑनलाइन गाणं शिकवताना या चुका टाळा

2020 च्या एप्रिलात माझा गाण्याचा वर्ग दिवाणखान्यातल्या सतरंजीवरून लॅपटॉपवर गेला. पहिल्या दिवशी मी तानपुरा जुळवला, षड्ज (सा) लावला आणि पलीकडच्या मुलीला विचारलं, "सूर मिळाला का?" ती म्हणाली, "ताई, तानपुरा ऐकूच येत नाहीये. मध्येच जरासा येतो आणि लगेच जातो." माझा आवाज तिला नीट ऐकू जात होता. तानपुरा मात्र वाटेतच कुणीतरी पुसून टाकत होतं. त्या दिवशी मी तिचं इंटरनेट खराब आहे असं समजून वर्ग आटोपता घेतला. चूक इंटरनेटची नव्हती, हे कळायला दोन महिने गेले.

व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. बोलणं तुटक असतं: शब्द, थांबा, पुन्हा शब्द. न थांबता एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी, असं धरून ॲप तो गाळून टाकतं. तानपुरा असाच अखंड वाजतो. मिरजेचा कारागीर जी जवारी (तारेचा तो भरलेला झंकार) जमवण्यासाठी तासन्‌तास खपतो, तीच नेमकी गोंगाट समजून गाळली जाते. लांबवलेल्या षड्जाचीही हीच गत. चार-पाच सेकंद छान येतो, मग कुणीतरी आत ओढून घेतल्यासारखा बारीक होतो. ऑनलाइन वर्गातल्या बऱ्याचशा अडचणींचं मूळ इथे आहे.

ॲप जसं मिळालं तसंच वापरणं

झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय निवडा. त्यातच 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' आहे, तोही लावा. मग मीटिंग सुरू झाल्यावर 'ओरिजिनल साउंड' चालू आहे ना, हे दर वेळी बघायची सवय ठेवा. मायक्रोफोनचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोयही बंद करा. ती चालू असली की विद्यार्थी तार षड्जावर (वरच्या सा वर) गेला की ॲप आवाज खाली ओढतं, आणि तो मंद्रात (खालच्या सप्तकात) हळुवार उतरला की वर चढवतं. म्हणजे आवाजातला जो चढउतार आपण वर्षानुवर्षं शिकवतो, तोच सपाट होतो. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं, ते करा. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर एखादी शंका सोडवता येते, पण तालीम देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त शिक्षक इथे चुकतात: ही सेटिंग ते स्वतःच्या लॅपटॉपवर करतात आणि निर्धास्त होतात. तुमच्या सेटिंगने तुमचा आवाज सुधारतो. विद्यार्थ्याचा आवाज सुधारायचा तर ती त्याच्या यंत्रावर करावी लागते. त्याचा सूर पारखायचा असतो तो तुम्हाला, तेव्हा खरी गरज त्याच्या बाजूला आहे. पहिला अख्खा तास यासाठी राखून ठेवा. आजी-आजोबा शिकत असतील तर घरातल्या तरुण माणसाला शेजारी बसवा आणि एकेक बटण दाबून घ्या. त्याच तासात त्यांना एक ओळ पूर्ण ताकदीने, वरच्या षड्जापर्यंत गायला सांगा. आवाज फाटत असेल तर मायक्रोफोनची पातळी तिथेच खाली आणा, नाहीतर त्यांना दीड-दोन फूट मागे बसवा.

एकत्र गाण्याचा हट्ट

समोरासमोरच्या तालमीत शिष्य गुरूच्या आवाजात आवाज मिसळून गातो. आमची सगळी पिढी तशीच शिकली. म्हणून ऑनलाइनवरही आपण नकळत म्हणतो, "चला, माझ्याबरोबर म्हणा." हे होऊ शकत नाही, आणि भारीतला संगणक घेऊनही होणार नाही.

खोलीत तीन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत सुमारे 9 मिलिसेकंदांत पोचतो. कानाला तो फरक जाणवत नाही. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेतही साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे काहीही अडथळा नसला तरी जायला 60 मिलिसेकंदांहून जास्त आणि यायला तेवढेच. त्यात वायफाय, सर्व्हर, ॲपने आवाज बांधणं-सोडणं मिळवा, की जाऊन-येऊन पाव सेकंद सहज लागतो, अनेकदा त्याहूनही जास्त. मध्यलय त्रितालात मिनिटाला 120 मात्रा (तालाचे ठोके) धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे अर्धी मात्रा प्रवासातच गेली. विद्यार्थी नाशिकला असला तरी उशीर पुरता जात नाही, कारण त्यातला मोठा वाटा अंतराचा नसून ॲपचा असतो.

पटत नसेल तर एकदा करून बघा. तुम्ही "एक" म्हणा, त्याने "दोन", तुम्ही "तीन", त्याने "चार", तेही न थांबता, एका लयीत. लय प्रत्येक फेरीला मंदावत जाते.

या उशिरापोटी एक मोठा अन्याय होतो, आणि तो मीही केला आहे. ठेका (तबल्यावर फिरत राहणारा ताल) माझ्याकडे लावायचा, विद्यार्थ्याने तो ऐकून गायचं, आणि मी हाताने ताल धरून ऐकायचं. माझा ठेका त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो. तो त्या उशिरा पोचलेल्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) अगदी अचूक येतो. त्याचा आवाज आणखी उशिरा माझ्याकडे येतो. मला वाटतं, हा लय ओढतोय. मी म्हणते, "समेवर ये, मागे पडतोयस." तो बिचारा पुढे सरकतो आणि आता खरोखरच चुकीचं गाऊ लागतो. कोल्हापूरच्या एका मुलाला मी तीन आठवडे असं हैराण केलं होतं. त्याची लय पक्की होती.

उपाय सोपा आहे: ठेका नेहमी गाणाऱ्याच्या बाजूला वाजला पाहिजे. विद्यार्थी गात असेल तर तबल्याचं ॲप त्याच्या घरी वाजू द्या. मग ठेका आणि गाणं दोन्ही सारख्याच उशिराने तुमच्याकडे येतात, त्यांचं एकमेकांशी नातं बिघडत नाही, आणि सम चुकली तर ती खरंच चुकलेली असते. तुम्ही हाताने ताल धरायचा तर कानावर येणाऱ्या त्याच्या ठेक्यावर धरा. तुम्ही गाऊन दाखवत असाल तेव्हा ठेका तुमच्याकडे हवा, त्याने स्वतःला म्यूट करून तुमच्याबरोबर गावं. त्याच्या कानात तो तुमच्यासोबतच असतो. मिसळून गाण्याचं सुख त्याला मिळतं, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. मग तुम्ही थांबा, त्याला एकट्याला गाऊ द्या. गुरूने सोडायचं आणि शिष्याने उचलायचं, ही रीत आपल्याकडे होतीच. ऑनलाइनवर तीच मुख्य करावी लागते.

तानपुऱ्याचंही तसंच. दोन्ही घरी आपापला तानपुरा हवा, पट्टी एकच. इथे एक बारकावा आहे. ॲपमधला तानपुरा सहसा 440 हर्ट्झच्या प्रमाण मापावर जुळवलेला असतो, घरातली जुनी पेटी तशी असेलच असं नाही. विद्यार्थी दोन्हीवर 'काळी एक' (पेटीवरची पहिली काळी पट्टी) लावून बसतो, आणि खोलीत दोन वेगळे षड्ज वाजत असतात. तो कुठल्याही सुरात गायला तरी बेसूर वाटणार. ॲपमधला सूक्ष्म बदलाचा काटा फिरवून तानपुरा पेटीला मिळवून घ्या, मग गाण्याला सुरुवात करा.

ब्लूटूथचे इअरफोन

वायरचे इअरफोन वापरा. ब्लूटूथमुळे आधीच्या उशिरात आणखी भर पडते, हे एक. दुसरं जास्त वाईट: ब्लूटूथ इअरफोनचा मायक्रोफोन चालू झाला की बऱ्याचदा तो फोनवर बोलण्याच्या दर्जावर उतरतो, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ऐकू येते, आवाजाचा पोत नाही.

इअरफोनशिवाय, थेट लॅपटॉपच्या स्पीकरवर शिकवणं ही याची उलट बाजू. मग प्रतिध्वनी थांबवायला इको कॅन्सलेशन चालू ठेवावं लागतं, आणि दोघांचा आवाज एकाच वेळी आला की ते एकाचा दाबतं. शिवाय खर्ज पोचत नाही. काळी एकचा पुरुषी मंद्र षड्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो, लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाहीत. तबल्याच्या वर्गात डग्ग्याचा घुमारा असाच नाहीसा होतो आणि विद्यार्थी 'धा' ऐवजी 'ना' ऐकत बसतो.

माझी पद्धत अशी: विद्यार्थ्याच्या कानात वायरचा इअरफोन, पण एकाच कानात. दुसरा कान मोकळा, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. दोन्ही कान बंद करून गाणारा माणूस हळूहळू सूर चढवू लागतो किंवा ओरडू लागतो. तानपुरा आणि ठेका शेजारच्या फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर, मायक्रोफोनच्या अगदी तोंडासमोर नाही, थोडा बाजूला. तुमच्याकडे आणि त्याच्याकडे, दोन्ही घरी इअरफोन असले की इको कॅन्सलेशन बेलाशक बंद करता येतं.

आणि तुम्हाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर स्वतःची यंत्रं चाचपडत बसू नका. दोष पलीकडे आहे. त्याच्या स्पीकरमधून बाहेर पडलेला तुमचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतोय.

जे ऐकू आलं तेच खरं मानणं

इंटरनेट डळमळीत असलं की ॲप आवाजाचे हरवलेले तुकडे सांधत बसतं. बोलण्यात ते खपून जातं. लांब सुरात मात्र थरथर येते, कधी सूर मध्येच घसरल्यासारखा वाटतो. "आवाजात कंप येतोय, श्वास पुरत नाहीये," असं आपण सांगून टाकतो. भैरवातला ऋषभ किंवा दरबारीचा गांधार शिकवताना तर हे धोक्याचं आहे. जे हलतंय ते आंदोलन (सुराला मुद्दाम दिलेला संथ हेलकावा) आहे की वायफाय, हे सांगता येत नाही. मी दरबारी जोडणी चांगली असल्याशिवाय घेतच नाही, त्या दिवशी दुसरं काही घेते.

शंका आली की विद्यार्थ्याला तेवढीच ओळ स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. त्याच्या खोलीतलं रेकॉर्डिंग इंटरनेटच्या डळमळीतून सुटलेलं असतं. व्हॉइस नोटपेक्षा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आणखी बरं. आता मी दर आठवड्याला वर्गाच्या आदल्या दिवशी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागते. दोनच मिनिटं, कारण वीस मिनिटांचं आलं तर माझ्याकडून ऐकलं जात नाही, आणि न ऐकलेलं रेकॉर्डिंग विद्यार्थ्याला लगेच कळतं.

थरथर वारंवार येत असेल तर राउटरला केबल लावा, निदान त्याच खोलीत बसा. घरात कुणी सिनेमा बघत असेल तर तासभर थांबायची विनंती करा. आलापाच्या वेळी दोघांनी कॅमेरा बंद केला तरी बरंच सुधारतं.

फक्त चेहरा दिसणं

गाणाऱ्याचा कंबरेपासून वरचा भाग दिसू दे. मान ताठली, खांदे उचलले, हे चेहऱ्यावरून कळत नाही. अधूनमधून त्याला एका बाजूला वळून गायला सांगा, श्वास पोटात उतरतोय की छातीतच अडकतोय हे लगेच दिसतं. पेटी शिकवताना फोन बोटांच्या वर, उलटा टांगलेला हवा. तबल्याला समोरून कॅमेरा ठेवला तर तुमचा डावा हात विद्यार्थ्याला उजवीकडे दिसतो आणि लहान मुलं हमखास गोंधळतात. तुमच्या खांद्यामागून किंवा वरून दाखवा. द्रुत बोल कॅमेऱ्यात पुसट होतात, ते आधी संथ लयीत दाखवावे लागतात.

"वा!" आणि "हं"

ही माझी सगळ्यात जुनी खोड. समोर कुणी छान गात असलं की तोंडातून "वा" निघतंच. खोलीत ती दाद असते. कॉलवर, विशेषतः इको कॅन्सलेशन चालू असलं तर, माझ्या "वा"मुळे त्याची तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) माझ्या कानावर येतच नाही. आणि ती दाद त्याला पोचते पुढच्या आवर्तनात, चुकीच्या जागी. आता आम्ही खुणा ठरवल्या आहेत: तळवा दाखवला की थांबायचं, बोट वर म्हणजे सूर चढव, मान डोलली की चालू दे. विद्यार्थी गातो तेव्हा मी स्वतःला म्यूट करते. पहिले काही दिवस फार अवघड गेलं.

गटात शिकवताना सगळ्यांना म्यूट ठेवून एकेकाला गायला लावावं लागतं, म्हणून चारापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. दहा मुलांच्या वर्गात नऊ जण प्रत्येक वेळी वाटच बघत असतात.

घड्याळ

अमेरिकेतले विद्यार्थी असतील तर मार्चमधला दुसरा रविवार आणि नोव्हेंबरमधला पहिला रविवार कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथली घड्याळं त्या दिवशी बदलतात, आपली नाही. माझ्याकडचे सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ. माझा आवाज तेव्हा खर्जाला तयार असतो, त्यांचा दिवसभराच्या कामाने थकलेला. त्यांना लगेच तार सप्तकात नेणं ही चूक मी बरीच वर्षं करत होते. आता पहिली दहा मिनिटं नुसता मध्य षड्ज आणि बोलणं.

झूमचं फुकटचं खातं 40 मिनिटांनी बंद होतं. बंदिश ऐन रंगात असताना ते तुटू नये म्हणून पस्तिसाव्या मिनिटाला आम्ही आपणहून पाणी प्यायला थांबतो आणि दुसऱ्या दुव्यावर भेटतो.

काही गोष्टी मी ऑनलाइन सुरूच करत नाही. तानपुरा जुळवायला शिकणं, तबल्यावर पहिल्यांदा हात ठेवणं. दूरचे बरेच विद्यार्थी डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवासाठी पुण्याला येतात. तेव्हा त्यांना आठवडाभर सकाळी घरी बोलावते, तानपुरा त्यांच्या हातात देते आणि वर्षभर जे आळीपाळीने गायलो ते एकदा एकत्र गातो.