वाइड रिसीव्हर व्हायचंय? आधी पाय, मग हात

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू (पास) झेलतो तो वाइड रिसीव्हर. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२१ च्या हंगामात लॉस एंजेलिस रॅम्स संघाच्या कूपर कप या रिसीव्हरने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (गोलरेषेपलीकडे पोचून मिळवलेले गुण) केले. तिन्ही याद्यांत तो पहिला होता. आता भागाकार करून बघा: १७ सामन्यांत १४५, म्हणजे सामन्याला साडेआठ झेल. संघ एका सामन्यात साठ-पासष्ट प्ले, म्हणजे चाली, खेळतो. म्हणजे अशा स्वप्नवत हंगामातही दर सात प्लेंपैकी सहांमध्ये चेंडू त्याच्या हातात आलाच नाही. बाकी वेळ तो धावत होता, बचावपटूंना स्वतःमागे ओढून दुसऱ्याला मोकळं करत होता, नाहीतर कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरवर नेमलेल्या बचावपटूला, अंगाने अडवत होता. हायलाइट बघून या खेळाकडे वळणाऱ्या मुलांना नेमकं हेच माहीत नसतं.

उभं राहण्यापासूनच शिकावं लागतं. रिसीव्हरच्या तीन जागा: एक्स, झेड आणि स्लॉट. एक्स स्क्रिमेज लाइनवर, म्हणजे प्ले जिथून सुरू होतो त्या रेषेवर, उभा राहतो, त्यामुळे समोरचा कॉर्नरबॅक थेट त्याच्या छातीवर येऊ शकतो. झेड लाइनच्या एखादं यार्ड मागे असतो, त्याला तेवढी मोकळीक मिळते आणि प्ले सुरू होण्याआधी मोशनमध्ये आडवं सरकता येतं. स्लॉट आतल्या बाजूला, त्याला दोन्हीकडे वळायला जागा असते, पण मधल्या फळीतला लाइनबॅकर आणि शेवटच्या फळीतला सेफ्टी, दोघांच्याही हालचाली ओळखाव्या लागतात. नियम असा की आक्रमणाचे किमान सात खेळाडू लाइनवर हवेत आणि लाइनवरच्यांपैकी फक्त दोन टोकांचे खेळाडू पास झेलायला पात्र. झेडने अर्धं पाऊल पुढे टाकलं की आतला टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, पास झेलू शकणारा खेळाडू) झाकला जातो आणि अपात्र ठरतो. एक्स अर्धं पाऊल मागे राहिला तर लाइनवर सहाच उरतात. दोन्हीकडे पाच यार्डांचा दंड. म्हणून मुरलेले रिसीव्हर उभे राहताच कडेच्या पंचाकडे बोट करून ‘मी लाइनवर’ किंवा ‘मागे’ असं विचारतात आणि त्याची खूण मिळाली की मगच नजर आत वळवतात. ही सवय शाळेपासून लावा, फुकटची आहे.

रूट ट्री

धावण्याच्या वाटांना, म्हणजे रूटना, आकडे असतात. ० हिच, १ फ्लॅट, २ स्लँट, ३ कमबॅक, ४ कर्ल, ५ आउट, ६ डिग, ७ कॉर्नर, ८ पोस्ट, ९ गो. सम आकडे मैदानाच्या आत वळतात, विषम आकडे कडेकडे, ९ ची गो तेवढी सरळ पुढे. सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक डॉन कोरिएल यांच्या पद्धतीमुळे हे आकडे सर्वतोमुखी झाले. संघागणिक नावं आणि खोली थोडी बदलते, पण पाया हाच.

आकडे पाठ व्हायला एक दुपार पुरते. वळण नीट यायला वर्षं जातात. बारा यार्डांची डिग घ्या. पहिली आठ-नऊ यार्ड अशी पळायची की कॉर्नरबॅकला ती गो वाटली पाहिजे: मान खाली, हात पूर्ण चालू. मग ब्रेक, म्हणजे वळण. कंबर खाली बसवायची, छाती पायाच्या बोटांच्या वर ठेवायची, शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकायची आणि बाहेरचा पाय रोवून आत वळायचं. डोकं आधी वळतं, खांदे त्यामागे. वळल्यावर आडवी सरळ रेष, शक्यतो चेंडूच्या दिशेने किंचित मागे.

बिघडतं कुठे? चार ठिकाणी. पावलं चार यार्ड आधीच आखूड होतात, आणि कॉर्नरबॅक तुमच्या चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे बघत असतो, त्याला तेवढी सूचना पुरते. ब्रेकच्या वेळी धड वर उठतं. वळण टोकदार न होता गोलाकार होतं. आणि सर्वांत महाग चूक म्हणजे वळल्यावर पुढे तिरकं सरकत जाणं: तुम्ही दीड यार्ड पुढे गेलात की मागून येणारा बचावपटू त्या फटीत शिरून चेंडू पळवतो. कारण साधं आहे. क्वार्टरबॅक तुम्ही वळण्याआधीच चेंडू सोडतो, माणसाकडे नाही, जागेकडे. बाराच्या ऐवजी दहावर वळलात तर तुम्ही मोकळे असूनही प्ले मेला. इंटरसेप्शन (बचावाने पळवलेला पास) क्वार्टरबॅकच्या खात्यावर लिहिलं जातं, पण दुसऱ्या दिवशी फिल्म बघताना खरा दोषी सगळ्या खोलीला दिसतो.

प्रेसमधून सुटणं

लाइनपासून पाच यार्डांपर्यंत बचावपटू तुम्हाला हाताने रोखू शकतो, तोच प्रेस. त्यापुढे तोच स्पर्श इल्लीगल कॉन्टॅक्ट ठरतो: पाच यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे आक्रमणाला पुन्हा नवे चार प्रयत्न. १९७८ मध्ये हा नियम आला आणि पासिंगचा खेळ बदलला. पण ती पहिली पाच यार्ड आजही रिसीव्हरची खरी परीक्षा आहेत.

एक पाय पुढे, वजन त्याच पायावर. प्ले सुरू होताच मागे पाऊल पडता कामा नये. नवख्यांचं हमखास पडतं आणि तिथेच लढाई अर्धी हरलेली असते. आधी पायांनी बचावपटूला एका बाजूला वळवायचं, तो हात टाकेल तेव्हा त्याच्या मनगटावर किंवा कोपरावर फटका मारून हात खाली पाडायचा आणि त्याच खांद्याजवळून निसटायचं. दोनहून जास्त हुलकावण्या नकोत. क्वार्टरबॅककडे साधारण अडीच सेकंद असतात. त्यातला दीड तुम्ही जागेवर नाचण्यात घालवलात तर छान नाचलात, एवढंच. निसटल्यावर कॉर्नरबॅकच्या बाजूने पळत राहू नका, त्याच्या पुढे येऊन त्याला पाठीवर घ्या. गो रूटवर कडेपासून चार-पाच यार्ड मोकळे ठेवा. क्वार्टरबॅक चेंडू त्याच पट्टीत टाकतो, आणि तुम्ही आधीच रेषेला चिकटलात तर त्याला जागाच उरत नाही.

आणि आता हात

क्रिकेट खेळून आलेल्यांना इथे फायदाही होतो आणि तोटाही. डोक्यावरचा झेल बोटं वर करून घ्यायची सवय कामी येते, पण छातीच्या उंचीचा झेल अंगाशी कवटाळायची सवय घात करते. अमेरिकन फुटबॉल ३९७ ते ४२५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या साधारण अडीचपट जड, टोकदार आणि फिरत येणारा. छातीच्या संरक्षक कवचावर आपटला की उडालाच. कमरेच्या वर अंगठे एकमेकांजवळ, कमरेखाली करंगळ्या एकमेकींजवळ, कोपरं अंगापासून दूर. लांबच्या पासवर हात उशिरा वर करा, कारण पाठ करून धावणारा बचावपटू तुमचे हात आणि डोळे बघूनच चेंडू कधी येतोय ते ओळखतो.

सुटलेले बहुतेक झेल कठीण नसतात. चेंडू बगलेत जाण्याआधी नजर धावण्याच्या वाटेकडे वळलेली असते, इतकंच. उपाय कंटाळवाणा आहे: चेंडू फेकणाऱ्या जग्ज मशीनसमोर रोज उभं राहायचं आणि प्रत्येक झेल बगलेत जाईपर्यंत डोळ्यांनी पोचवायचा. समोरून, दोन्ही खांद्यांवरून, पायाशी, एका हाताने, सगळ्या कोनांतून. ग्लोव्हज आता इतके चिकट असतात की त्यांच्यावर विसंबणं सोपं झालंय. म्हणून काही झेल उघड्या हातांनी घ्या. हातांना फासायचा स्टिकम नावाचा चिकट पदार्थ एनएफएलने १९८१ मध्येच बंद केला.

कॉलेजमधून येणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय मैदानाच्या आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. शिवाय २०१८ पासूनचा नियम असा की झेल मानला जायला हवा चेंडूवर ताबा, दोन पाय किंवा शरीराचा दुसरा भाग आत, आणि मग तिसरं पाऊल टाकण्यासारखी एखादी हालचाल. कडेला मागच्या पायाचा चवडा गवतावरून ओढत आणणं हे वेगळं कौशल्य म्हणून घोटावं लागतं.

तिथवर पोचायचं कसं

वाट बहुतेकांची एकच: हायस्कूल, कॉलेज, आणि मग ड्राफ्ट, म्हणजे एनएफएल संघांनी पाळीपाळीने केलेली नव्या खेळाडूंची निवड. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये घेत नाहीत. कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायची हायलाइट फिल्म तीन-चार मिनिटांची ठेवा, उत्तम पाच प्ले सुरुवातीलाच, आणि त्यात एखादा ब्लॉक जरूर घाला. तो बघून प्रशिक्षक थांबतात. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर पैसे कमावता येतात, तेव्हा सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा.

मोठं कॉलेज मिळालं नाही म्हणून दार बंद होत नाही. २२,८९५ यार्डांचा विक्रम करणारा जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटचा, कप ईस्टर्न वॉशिंग्टनचा. ॲडम थीलनला २०१३ मध्ये कुणीही ड्राफ्ट केलं नाही, तो मिनेसोटा वायकिंग्जच्या चाचणी शिबिरातून आत आला. पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत गेला आणि पहिल्याच वर्षी १०५ झेल, १,४८६ यार्ड करून बसला.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, ४० यार्डांच्या धावेवर सगळ्यांचं लक्ष असतं. झेव्हियर वर्दीने २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांचा विक्रम केला. पण त्याआधीचा ४.२२ चा विक्रमवीर जॉन रॉस २०१७ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. उलट ॲनक्वान बोल्डिनला ४० यार्डांना ४.७ च्या आसपास वेळ लागला, आणि २००३ च्या पहिल्याच हंगामात त्याने १०१ झेल घेतले. आमच्या मते वेगापेक्षा थांबण्याची क्षमता जास्त वर्षं टिकते, आणि घड्याळ ती मोजत नाही.

जागा, पैसा, शरीर

हंगामाआधीच्या शिबिरात एका संघात ९० जण असतात, हंगामाला ५३ उरतात, त्यांत रिसीव्हर पाच किंवा सहा. पहिले तीन जवळपास ठरलेले. चौथ्या-पाचव्या जागेचा निर्णय रूटवर नाही, स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या प्लेंसाठीच्या गटात, होतो: पंट झाली, म्हणजे चेंडू पायाने दूर मारला, की कडेवरून पन्नास यार्ड पळत जाऊन चेंडू घेणाऱ्याला पाडायचं, तेही दोन जण ढकलत असताना. मॅथ्यू स्लेटर २००८ मध्ये रिसीव्हर म्हणून ड्राफ्ट झाला. सगळ्या कारकिर्दीत त्याचा झेल एकच, आणि प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानासाठी निवड दहा वेळा, ती या कामासाठी. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात स्पेशल टीम्सच्या प्रशिक्षकाकडे स्वतःहून जा. एक्स, झेड आणि स्लॉट तिन्ही जागांचे प्ले पाठ ठेवा, कारण कुणी जखमी झालं की ‘ही माझी जागा नाही’ म्हणणारा पहिला घरी जातो.

ड्राफ्ट झालेल्याचा करार चार वर्षांचा, न झालेल्याचा तीन. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८,४०,००० डॉलर होता. हा आकडा फसवा आहे: पगार हप्त्याहप्त्याने येतो आणि मध्येच काढलं की हप्ते थांबतात. करारात एकूण रक्कम बघू नका, गॅरंटीड किती ते बघा. सराव संघात, म्हणजे त्या ५३ बाहेरच्या, फक्त सराव करणाऱ्या गटात, आठवड्याला किमान १३,००० डॉलर होते, पण तेही संघात असाल तोवरच. एजंट जास्तीत जास्त तीन टक्के घेऊ शकतो आणि ज्या राज्यात सामना, तिथला आयकर वेगळा. त्याच वर्षी रिसीव्हर जमार चेसने चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. तो अपवाद आहे, मोजमाप नाही. पेन्शनसाठी तीन हंगाम जमा व्हावे लागतात, आणि खेळाडू संघटना सरासरी कारकीर्दच तीन-साडेतीन वर्षांची सांगते.

रिसीव्हरचा शत्रू म्हणजे हॅमस्ट्रिंग, मांडीमागचे स्नायू. जुलै-ऑगस्टच्या शिबिरात ती जास्त दुखावते, कारण उन्हाळ्यात मुलं वजनं उचलतात पण पूर्ण वेगाने पळत नाहीत आणि मग अचानक दिवसाला चाळीस-पन्नास रूट पळावे लागतात. शिबिराआधीचे सहा-आठ आठवडे आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाच्या धावा आणि नॉर्डिक कर्ल हा त्याच स्नायूंचा व्यायाम ठेवा. डोक्याला मार लागल्यावर पाच टप्प्यांची तपासणी होते आणि शेवटी संघाबाहेरच्या डॉक्टरचाही होकार लागतो. लक्षणं लपवू नका, मग जागा जायची असली तरी. डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने नऊ हंगामांनंतर, तिशीतच खेळ सोडला, तो फॉर्म गेला म्हणून नव्हे.

भारतातून

अमेरिकेबाहेरच्यांसाठी एनएफएलचा इंटरनॅशनल पाथवे प्रोग्रॅम २०१७ पासून आहे आणि २०२४ पासून सर्व ३२ संघांना सराव संघात अशा खेळाडूसाठी जादा जागा मिळते. त्यातून पुढे आलेला सर्वांत मोठा खेळाडू जॉर्डन मायलाटा हा लाइनमन आहे. रिसीव्हरला ही वाट जास्त अवघड, कारण वेगवान मुलांची अमेरिकेत कमतरता नाही आणि रूटचं वळण उशिरा शिकता येत नाही. पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात उभे राहिले होते, पण त्यातून नियमित शिडी तयार झाली नाही.

जवळची वाट फ्लॅग फुटबॉलची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा निर्णय झाला तो मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. पाच विरुद्ध पाच, ५० बाय २५ यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन, अंगाला अंग लावायचं नाही, कमरेचा फ्लॅग ओढला की प्ले संपला. हेल्मेट लागत नाही आणि प्ले सुरू करताना चेंडू मागे देणारा (स्नॅप करणारा) सेंटरसुद्धा झेलायला पात्र असतो. रूट मात्र तेच ० ते ९. पाच, दहा आणि बारा यार्डांवर खुणेचे शंकू ठेवा, मित्राला फोन कमरेच्या उंचीवर धरून बाजूने चित्रण करायला सांगा, आणि ब्रेकआधी धड कितव्या पावलाला वर उठतं ते मोजा.