गरोदरपणात झोपेत अंग जखडते, भयंकर स्वप्ने पडतात : काय करावे?

पहाटेचे चार वाजलेले असतात. डोळे उघडे असतात, माळवदाच्या तुळया स्पष्ट दिसतात, शेजारच्या बाजेवर झोपलेल्या आईचे घोरणेही ऐकू येते. पण तिला हाक मारावी तर जीभ हलत नाही, कूस बदलावी तर अंग साथ देत नाही आणि छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटते. सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीने सकाळी हे सांगितले, की मराठवाड्यातील पुष्कळ घरांत आधी नजर उतरवली जाते, मग कोणीतरी दबक्या आवाजात भानामतीचे नाव काढते. या अनुभवाला वैद्यकशास्त्रात निद्रापक्षाघात किंवा स्लीप पॅरालिसिस म्हणतात. नाव भीतिदायक असले तरी नेहमीच्या पक्षाघाताशी त्याचा संबंध नाही.

स्वप्ने मुख्यत्वे झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, त्यात मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, जेणेकरून स्वप्नात धावणारा माणूस खरोखर उठून धावू नये. साधारण दीड तासाच्या अंतराने येणारा हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. या टप्प्यात जाग आली आणि स्नायूंवरचा लगाम सुटायला थोडा उशीर झाला, तर माणूस जागा असतो, शरीर मात्र झोपेतच असते आणि स्वप्नातील आकृती उघड्या डोळ्यांसमोर उभी राहते. हे बहुधा काही सेकंद, क्वचित एक-दोन मिनिटे टिकते. श्वासपटल या काळातही काम करत असते, त्यामुळे गुदमरल्यासारखे वाटले तरी श्वास थांबत नाही आणि या झटक्याने बाळाला इजा होत नाही. गरोदरपणात लघवीसाठी, छातीतील जळजळीमुळे किंवा पायांत गोळे आल्याने झोप वारंवार मोडते. ऐन स्वप्नात जाग आल्यामुळे स्वप्ने अधिक लक्षात राहतात. बाळ हरवल्याची किंवा प्रसूतीत काही बिघडल्याची स्वप्ने या काळात सर्रास पडतात. ती भविष्य सांगत नाहीत.

अंग जखडलेले असताना

सर्वांगाचा जोर लावून उठण्याचा प्रयत्न करू नये. त्याने घबराटच वाढते. लक्ष एका लहानशा अवयवावर आणावे : पायाचा अंगठा, करंगळी किंवा जिभेचे टोक. तेवढाच भाग हलवण्याचा प्रयत्न करावा आणि सोबत बाहेर सोडलेले श्वास मोजावेत. आकृती दिसत असेल तर तिच्याकडे टक लावून पाहू नये, डोळे दुसरीकडे वळवावेत. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला दिवसाच सांगून ठेवावे, की मी कण्हू लागले किंवा माझा श्वास वेगळा वाटला तर दंडाला हात लावून नावाने हाक मार. स्पर्शाने हा झटका बहुधा लगेच सुटतो. जोरजोराने हलवणे किंवा तोंडावर पाणी मारणे यांची गरज नसते.

सुटका झाल्यावर तशीच उताणी झोपू नका, कारण डोळा लागताच तोच प्रकार पुन्हा होऊ शकतो. उठून बसावे, दिवा लावावा, दोन घोट पाणी प्यावे आणि पाच-दहा मिनिटांनी कुशीवर झोपावे. मोबाईल मात्र हातात घेऊ नये.

झोपण्याची तयारी

सर्वांत अधिक फायदा कुशीवर झोपण्याने होतो. निद्रापक्षाघात उताण्या स्थितीत अधिक होतो. शिवाय 28व्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर येतो आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, म्हणून या काळात झोपताना कुशीवरच झोपावे. डावी असो वा उजवी, दोन्ही चालतात. जुन्या वाकळेची घट्ट गुंडाळी पाठीशी लावावी आणि दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये घ्यावी. रात्रीत नकळत उताणे झाल्याचे लक्षात आले तर घाबरण्याचे कारण नाही, पुन्हा कूस घ्यावी.

रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे आणि ठेचा दुपारच्या भाकरीसाठी ठेवावा. गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये असे सांगितले जाते. चहा थोडा-थोडा करून दिवसभर चालू असतो, त्यामुळे निदान दुपारनंतरचा कप बंद करावा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. रात्री पायांत वळवळ होऊन झोप न येण्यामागे लोहाची कमतरता असू शकते. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडावी. त्यातील निकोटीन झोप मोडते आणि बाळालाही घातक असते. मे महिन्यात वीज गेली की झोपेचा बोजवाराच उडतो. अशी रात्र गेली तर दुपारी अर्धा तास झोप घ्यावी, पण उठण्याची वेळ रोज तीच ठेवावी, कारण अपुरी आणि अनियमित झोप हे निद्रापक्षाघाताचे एक मोठे कारण आहे.

उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवण्याची रीत काही घरांत अजून आहे. श्रद्धेवर वाद घालण्याची ही जागा नव्हे. परंतु झोपेत दचकणाऱ्या गर्भवतीच्या डोक्याखाली धारदार वस्तू नको, एवढे तरी घरातील वडीलधाऱ्यांनी मान्य करावे.

तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर

स्वप्नाचा शेवट दिवसा, जागेपणी बदलण्याची एक पद्धत आहे आणि ती मानसोपचारातही वापरली जाते. समजा, बाळ गावच्या बारवेत पडले असे स्वप्न वारंवार पडते. दुपारी निवांत बसून ते स्वप्न वहीत लिहावे आणि जिथे ते भयंकर होते तिथून कथा वळवावी : उन्हाळा आहे, बारवेचे पाणी खाली गेले आहे, पायऱ्या कोरड्या आहेत, बाळ तिसऱ्याच पायरीवर बसले आहे आणि तुम्ही खाली उतरून त्याला कडेवर घेता. पायरीच्या दगडाचा गारवा, बाळाच्या अंगाची ऊब असे तपशील त्यात भरावेत आणि ही नवी कथा रोज दहा ते वीस मिनिटे मनात घोळवावी. जुने स्वप्न उगाळत बसू नये. सुरुवात सर्वांत भीषण स्वप्नापासून करू नये. स्वप्नामागे आधीचा गर्भपात, गमावलेले मूल किंवा घरातील मारहाण असेल तर हा प्रयोग एकटीने न करता समुपदेशकाची मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनामूल्य फोन क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. मारहाणीसाठी 181 हा क्रमांक आहे.

दवाखान्यात कधी जावे

झटक्याची वेळ, झोपण्याची कूस आणि आदल्या दिवशीची झोप कॅलेंडरवरच टिपून ठेवावी आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या मोफत तपासणीत दाखवावी. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा आठवडाभर झोप न लागणे हेही तिथे सांगावे. झोपेची गोळी मनाने घेऊ नये आणि आधीपासून चालू असलेले मानसिक आजाराचे औषध अचानक बंदही करू नये.

काही लक्षणे मात्र झोपेची नसतात. आचके येऊन शुद्ध हरपणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, जाग आल्यावरही एका बाजूचा हात-पाय न उचलणे, धाप न थांबणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता 108ला फोन करावा. अशा वेळी मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास जिवावर बेतू शकतो. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

बाळंतपणानंतरही झोप तुकड्यातुकड्यांनीच होते, त्यामुळे झटके काही काळ येऊ शकतात; रात्रीचे एखादे दूध पाजून झाले की बाळ आजीकडे द्यावे आणि आईला सलग झोपू द्यावे. मात्र बाळंतिणीला दिवसाढवळ्या आवाज ऐकू येऊ लागले, दोन-तीन रात्री झोपच लागली नाही किंवा बाळाविषयी विपरीत बोलणे सुरू झाले, तर तिला व बाळाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.