जुना फ्लॅट घेतलाय? मग आधी रंग देऊ नका, आणि आमच्या बाकीच्या चुकाही टाळा

सुरुवातीलाच सांगते, खाली लिहिलेली प्रत्येक चूक आम्ही दोघांनी स्वतःच्या खिशातून पैसे मोजून केलेली आहे. पुण्यात सहकारनगरात १९८८ सालच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके रीसेलमध्ये घेतला आणि चावी हातात आल्या आल्या काय केलं, तर हॉल आणि बेडरूमला रंग दिला, कारण पाडव्याला राहायला जायचं होतं आणि सासरमाहेरचे सगळे येणार म्हणजे घर जरा बरं दिसायला नको का! जुलैत बेडरूमच्या भिंतीला टम्म फुगे आले, ऑगस्टमध्ये पोपडे पडायला लागले, आणि गणपतीत खालच्या काकू आरतीला आल्या त्या हळूच म्हणाल्या, "अगं, आमच्या बाथरूमचं छतही ओलं झालंय हं, जरा बघा तुम्ही."

जुन्या घरात खरं दुखणं भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली असतं, आणि आपण पैसे घालतो ते वरच्या रंगावर. तर आधी ओलीबद्दलच बोलते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिनेच खाल्ले.

ओल दिसली की पुट्टी मारून मोकळं होणे

आमच्या रंगाऱ्याने बघितलं आणि म्हणाला बाहेरून पाऊस येतोय ताई, वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो, आम्ही हो म्हटलं, दोन महिन्यांत ती पण सुटली. सुटणारच ना, पाणी मागून ढकलतंय आणि तुम्ही पुढून लेप लावताय. त्यामुळे आधी पाणी येतंय कुठून ते शोधा, त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दर आठवड्याला परत बघा. फक्त पावसाळ्यात वाढते आणि दिवाळीपर्यंत वाळते, तर बाहेरची भिंत, खिडकीचा कट्टा नाहीतर वरची गच्ची. भर मे महिन्यातही ओलीच, तर प्लंबिंग. मग त्यातही दोन प्रकार, येणारं पाणी की जाणारं पाणी. दोन-तीन दिवस गावाला जाताना घराचा मेन कॉक बंद करून जा, आल्यावर ओल कमी झाली असेल तर संशय प्रेशरच्या, म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर घ्यायचा, पण तेवढ्यात आंघोळीही झालेल्या नसतात हे विसरू नका (आम्ही विसरलो आणि नळाची चांगली लाइन उगाच उकरली). म्हणून दुसऱ्या वेळी कॉक बंदच ठेवायचा आणि आधी भरून ठेवलेल्या बादल्यांच्या पाण्याने आंघोळ करायची. तरी ओल वाढली तर गळती जाणाऱ्या पाण्याची, म्हणजे नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली असतो तो), त्याचा पाइप किंवा फरशीच.

आमचं निघालं नहाणी ट्रॅपच्या जॉइंटमध्ये. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा, वर फरशी. फरशी फोडली तर आतल्या विटा अक्षरशः पाण्यात पोहत होत्या, आणि वास असा की नवरा रुमाल लावून जिन्यात जाऊन बसला. हे पाणी वर्षानुवर्षं साठत असणार आणि तेच बाजूच्या बेडरूमच्या भिंतीत चढत होतं.

आता दुरुस्ती कशी तपासायची ते. नवीन ट्रॅप बसला, वॉटरप्रूफिंगचे हात मारून झाले की टाइल लावण्याआधी नहाणीला बोळा घालून तीन-चार इंच पाणी भरून ठेवायचं, पातळीची खूण करायची आणि ४८ तास तसंच सोडायचं. मिस्त्री म्हणेल मॅडम एक रात्र बास झाली, ऐकू नका. खालच्यांकडे जाऊन छत बघून या, चहा पण मिळतो. पातळी थोडीशी उतरली तर ती हवेने उतरली समजा, इंचभर उतरली तर टाइल आणायला जाऊ नका.

आणि हे कोणी सांगत नाही, गळती थांबली तरी भिंत लगेच वाळत नाही, आमची वाळायला तीन महिने लागले. आम्हाला वाटलं काम फसलं, कॉन्ट्रॅक्टरशी भांडण झालं, नंतर बघितलं तर पेन्सिलची रेघ तिथेच होती आणि ओल तिच्या आत आत सरकत होती. वाळली का हे बघायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा, दुसऱ्या दिवशी आतून दव जमलेलं दिसलं तर रंगाऱ्याला फोन करू नका. नव्या प्लास्टरचंही तेच, आठवडाभर पाणी मारायचं आणि नंतर महिनाभर त्याला सुकू द्यायचं.

खर्च कोणाचा यावरून सोसायटीत हमखास वाद होतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे आपल्या संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती आपण दुरुस्त करायची, गच्चीची आणि बाहेरच्या पाइपांची सोसायटीने. घर घेण्याआधी सेक्रेटरींकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट पण मागा, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरच्या बिल्डिंगला दर ३ वर्षांनी ते करायचं असतं. आम्ही मागितला नव्हता. मॉड्युलर किचनचे कॅटलॉग मात्र चार मागितले होते.

पाइप झाकण्याआधी फोटो न काढणे

राहायला गेलो त्याच संध्याकाळी नवऱ्याने हौसेने टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारलं आणि समोरून कारंजं. नवीन टाइल, नवीन पाइप, नवीन ड्रिल. झिऱ्या (भिंतीत खाचा) मारून पाइप आणि वायरी टाकून झाल्या की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते टेपवर दिसलं पाहिजे. आणि झाकण्याआधी प्लंबरला पंप लावून प्रेशर टेस्ट करायला लावा, काटा खाली येतोय का ते स्वतः उभं राहून बघा. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइपच हवा, साधा यूपीव्हीसी गिझरच्या लाइनला चालत नाही, पण घाईत जो हाताशी असेल तो जोडला जातो. जुने जीआय (लोखंडी) पाइप राहू द्या म्हणणारा प्लंबर भेटला तर त्यातला एक कापून आत बघा, गंजाने बोटभर भोक उरलेलं असतं, मग शॉवरला प्रेशर नाही म्हणून वरच्या टाकीला शिव्या.

टाइलवर टाइल

पॅसेजमध्ये पैसे वाचवायला जुन्या मोझॅइकवरच नवीन टाइल लावली. झालं काय, फरशी पाऊण इंच वर आली, सगळे दरवाजे खालून तासावे लागले, आणि पावसात बाल्कनीचं पाणी घरात यायचं नव्हतं ते यायला लागलं कारण हीच अक्कल बाल्कनीतही चालवली होती आणि उंबरा आता नावालाच उरला होता. करायचंच असेल तर आधी नाण्याने टकटक करून जुनी फरशी कुठे पोकळ वाजते ते बघा, पोकळ असेल तिथली काढायलाच लागते. बाथरूम आणि बाल्कनीत तर करूच नका. राडारोडा उचलायचे पैसे वाचतात म्हणून मोह होतो, मला कळतं.

भिंत पाडून हॉल मोठा करायचा मोह त्याहून वाईट. जुन्या लोड बेअरिंग बिल्डिंगमध्ये विटांची भिंतच वरचा भार पेलत असते, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. बाथरूमची जागा बदलतानाही खाली काय आहे ते आधी विचारा, खालच्यांच्या देवघरावर तुमचा संडास आला तर ते भांडण तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणे

जुन्या वायरिंगवर नवीन ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला की तो उठसूट पडतो, आणि मग एखादा इलेक्ट्रिशियन तो बायपास करून "झालं काम" म्हणतो. आमच्याकडे एकाने केलंच होतं. अहो तो शॉक लागू नये म्हणून असतो! सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्याला पडेल त्या लाइनवरच्या वस्तू काढून बघा, बहुतेक गिझर निघतो. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला लागलेली असू शकते, जुन्या घरात दोन लाइनींची न्यूट्रल एकत्र केलेली पण असते, आणि ते शोधायला जाणकार माणूसच लागतो, यूट्यूब नाही. वायरिंग नवीनच करणार असाल तर एसी आणि गिझरला ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि मोठ्या प्लगला २.५ सांगा, आणि फर्निचर कुठे येणार ते खडूने जमिनीवर काढल्याशिवाय पॉइंट ठरवू नका. आमचा बेडशेजारचा पॉइंट कपाटामागे आहे.

माणसं, पैसे, प्लाय

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा. आमचे सुतार राजस्थानचे, होळीला गावी गेले ते पंधरा दिवसांनी उगवले, तर तुमच्या माणसांचे सण कुठले ते आधीच विचारून घ्या. सिंकखालच्या कपाटाला ७१० ग्रेडचा (पाण्याला टिकणारा मरीन) प्लाय घ्या, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सहज मिळतो, पण त्यालाही पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडा सील केल्या नाहीत तर त्या फुगतातच.

ओटा

मिस्त्री म्हणाला स्टँडर्ड ३४ इंच ठेवतो. मी पाच फूट, नवरा पाच-दहा, त्याने ओट्यासमोर उभं राहून बघितलं आणि म्हणाला मस्त आहे. हात कोपरात वाकवून उभं राहायचं आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा यायला हवा, एवढं साधं माप, आणि जो जास्त स्वयंपाक करतो त्याचं घ्यायचं, घरात चप्पल घालत असाल तर चप्पल घालून. ग्रॅनाइट बसल्यावर ही चूक दुरुस्त होत नाही, निदान तोडफोडीशिवाय नाही, आणि तोडफोड आता ह्या घरात कोणी उच्चारायची पण नाही असं ठरलंय. मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटते.